डावा घोडा

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकाने आपली बंदूक ठाण्यात किंवा बंदुकीच्या दुकानात जमा करायची, असा नियम आहे. लोक शेवटच्या तारखेपर्यंत टाळाटाळ करतात. लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीत राहणारे भाऊराव मेश्राम मात्र टीव्हीवर तारखा ऐकल्या की दुसऱ्याच दिवशी निघायचे. त्र्याहत्तर वर्षांचे होते, पण या कामाला उशीर केलेला त्यांना खपत नसे.

ते मूळ नागपूरचे. चोविसाव्या वर्षी कानपूरच्या सरकारी बंदूक कारखान्यात लागले आणि छत्तीस वर्षं एकच काम केलं: बंदुकीच्या नळ्या तपासणं. नळी खिडकीकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्याने आत पाहायचं. निवृत्त झाल्यावर मुलगा बुद्धभूषण लखनौला बँकेत होता म्हणून इथे आले. सोबत स्वतःची एक दुनळी आणली. त्या दुनळीतून त्यांनी उभ्या आयुष्यात तित्तरसुद्धा मारला नव्हता. पत्नी कमलबाई होत्या तेव्हा त्यांनी बंदुकीचं कपाट मुद्दाम आतल्या खोलीत ठेवायला लावलं होतं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी हॉलमध्ये, बंदूक आत. भाऊरावांनी त्यावर कधी वाद घातला नाही. कोणी छेडलंच तर म्हणायचे, "मला लोखंड आवडते. मारणं नाही आवडत."

त्या शनिवारी सून दीप्ती त्यांना गाडीने घेऊन निघाली. दीप्ती लखनौतच वाढलेली. मराठी तिला सगळं समजे, पण उत्तर अर्ध्याहून जास्त हिंदीत येई.

"बाबा, बेच क्यों नहीं देते? दर वेळी हा चक्कर," ती तेलीबागच्या सिग्नलला म्हणाली.

"विकू कोणाला? लग्नात वरातीसमोर हवेत बार उडवणाऱ्याला? वर गेलेली गोळी खाली येते, येवढं ज्याला कळत नाही, त्याच्या हाती मी लायटरही देणार नाही."

"सगळेच तसे थोडी असतात."

"असतातच. इथं मॉलमध्ये खांद्यावर बंदूक लटकवलेला गार्ड ठेवून हिंडणारे पाहतो मी. त्या नळीत कोळ्याचं जाळं असते बघ. मी एकाला सांगितलं होतं. तो म्हणे, अंकल, दिखाने के लिए है." भाऊराव स्वतःशीच हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "तू कधी आतून पाहिली नाहीस ना नळी?"

दुकानात पोचल्यावर त्यांनी पहिलं काम तेच केलं. दुकान हजरतगंजच्या मागच्या एका गल्लीत होतं. मालक बाहेरगावी होते. गल्ल्यावर आणि दुरुस्तीच्या बाकावरही एकटे हरिहर मिस्त्री होते. साठीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. भाऊरावांनी आपली दुनळी मधल्या सांध्यात मोडून उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं हरिहरना दाखवलं, नळ्या वेगळ्या केल्या आणि दाराकडे धरून दीप्तीला म्हणाले, "एक डोळा मिट. आता बघ."

दीप्तीने पाहिलं. आत अंधार असेल असं तिला वाटलं होतं. तिथे उजेडाची कडी होती, एकात एक, एकात एक, दूर जात जात टाचणीच्या टोकाएवढी झालेली. पाण्यात खडा टाकल्यावर उठावीत तशी. फक्त न हलणारी.

"बाप रे," ती म्हणाली.

"नळी केसभर वाकली तरी यातलं एखादं कडं दबते. मी दिवसाला शंभर-शंभर पाहायचो. कंटाळा कधी आला नाही मला. आता सांग, हे विकू?"

दीप्ती नळी डोळ्याला लावून उभीच होती, तेवढ्यात दुकानासमोर ई-रिक्षा थांबली.

आतून एक चाळिशीची बाई उतरली. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं लांब गाठोडं होतं. मागे एक म्हातारे गृहस्थ होते, पण त्यांचे गुडघे पायऱ्या चढू देईनात. ते समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकावर बसले. बाईने आपलं नाव प्रतिमा सांगितलं. मलिहाबादहून बसने आली होती. सासरे, विजय बहादुर, थंडीत वारले. छताची दुरुस्ती काढली तेव्हा माळ्यावर हे सापडलं. घरात सगळ्यांची समजूत, की बंदूक त्यांनी कधीच कोणाला देऊन टाकली. परवाना तर केव्हाच संपलेला. ठाण्यातल्या लोकांनी लिहून दिलं, दुकानात जमा करा.

"चाचाजी वाटेत कोणाला हातच लावू देत नव्हते," ती टपरीकडे हात करत म्हणाली. "सगळी वाट मांडीवर घेऊन बसले होते."

तिने गाठोडं काउंटरवर ठेवलं आणि चादर उलगडली. गंजून लाल झालेली, जुन्या घडणीची दुनळी. वर, चाप ओढला की काडतुसावर आपटणारे दोन घोडे असलेली. नळ्यांचं तोंड दीप्तीकडे होतं.

भाऊरावांची नजर घोड्यांवर गेली. उजवा घोडा खाली बसलेला होता. डावा वर चढलेला होता.

"कोणी हलू नका," ते हळू म्हणाले. "दीप्ती, तिकडं सरक. भिंतीकडं. सावकाश."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की दीप्तीने कारण विचारलं नाही. ती सरकली. भाऊरावांनी दोन्ही हात बंदुकीखाली घातले, झोपलेलं मूल उचलावं तशी ती उचलली आणि नळ्या कोपऱ्यातल्या वाळूच्या पिंपाकडे वळवल्या. हरिहर उठले. चामड्याच्या पट्टीची घडी करून त्यांनी ती चढलेल्या घोड्याखाली सारली. आता तो पडला तरी चामड्यावर पडला असता.

"क्या हुआ?" प्रतिमाने विचारलं.

"बेटी, हा घोडा चढलेला आहे," भाऊराव हिंदीत म्हणाले. "आत काडतूस असेल तर एवढ्या वाटेत रिक्षाचा एक दणकाही पुरला असता."

"पण ती तर अशीच असते ना?" प्रतिमा म्हणाली. "आम्हाला वाटलं, तिची बनावटच तशी आहे." एवढं बोलून ती स्टुलावर बसली. दीप्तीने तिला पाण्याची बाटली दिली.

हरिहरनी दोन्ही बाजूंच्या कळा, म्हणजे घोडे ज्यांवर बसवलेले असतात ते भाग, स्क्रू काढून वेगळ्या केल्या. गंजाने त्या धरून ठेवल्या होत्या. वीस मिनिटं गेली. मग त्यांनी एक लाकडी गज तोंडाकडून उजव्या नळीत सोडला, जिथे थांबला तिथे नखाने खूण केली आणि बाहेर काढून तो नळीला लावून पाहिला. गज चार बोटं कमी उतरला होता. डाव्या नळीतही तसंच.

"दोन्ही भरलेल्या," हरिहर म्हणाले.

बंदूक सांध्यात मोडून उघडायला अजून पाऊण तास लागला. सांध्यात तेल सोडायचं, थांबायचं, लाकडी हातोडीने हळूच ठोकायचं, पुन्हा तेल. भाऊरावांनी खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता धरला होता. कारखान्यातल्या सगळ्या वर्षांत त्यांच्या हाताखालून लाखभर नळ्या गेल्या असतील, पण त्या सगळ्या रिकाम्या, नव्या, कोणाच्याही न झालेल्या. अशी कोणाचं तरी आयुष्य आत घेऊन बसलेली बंदूक त्यांनी पहिल्यांदाच धरली होती. शेवटी सांधा करकरला आणि उघडला.

कागदी काडतुसं फुगून नळीला चिकटली होती. हरिहरनी ती अलगद ओढून काढली आणि भाऊरावांच्या तळहातावर ठेवली. भाऊरावांनी चष्मा कपाळावर नेला आणि काडतुसांची पितळी बुडं डोळ्यांजवळ आणली.

उजव्याच्या बुडावरच्या, ठिणगी देणाऱ्या टोपीत मधोमध मसुराएवढा खळगा पडला होता. डाव्याची टोपी गुळगुळीत होती.

त्यांनी दोन्ही काडतुसं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली.

"काय झालं बाबा?" दीप्तीने विचारलं.

"हा खळगा घोड्याचा आहे," ते म्हणाले. "याचा अर्थ चाप ओढला होता कोणीतरी. घोडा पडला, सुई लागली, पण दारू पेटली नाही. असं हजारात एखाद्या वेळी होते. ओल लागली असेल." मग ते प्रतिमाकडे वळून हिंदीत म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांनी ही कोणावर चालवली होती का?"

"बाबूजींनी?" प्रतिमाला ते ऐकूनच नवल वाटलं. "ते तर मुंगीसुद्धा ओलांडून जायचे. मी लग्न होऊन आले २००५ मध्ये. बंदूक मी त्यांच्या हातात कधी पाहिलीच नाही." ती थांबली. "चाचाजींना विचारा. ते त्यांचे सख्खे धाकटे भाऊ."

भाऊराव दोन्ही काडतुसं रुमालात घेऊन रस्ता ओलांडून गेले. दीप्ती मागोमाग गेली. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याचं नाव नंदकुमार. अठ्ठ्याहत्तर वर्षं वय, पांढरंशुभ्र धोतर, पायात रबरी बूट. भाऊरावांनी नमस्कार केला, शेजारी बसले आणि रुमाल उघडला.

"बंदूक भरलेली होती," ते म्हणाले.

नंदकुमारनी काडतुसांकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "किती होती?"

"दोन."

"दोन?" म्हाताऱ्याने मान वर केली. "दोन्ही नळ्यांत?"

"दोन्ही नळ्यांत. एकावर घोडा पडलेला आहे. दुसऱ्यावर नाही."

टपरीवाला ग्लास विसळत होता. कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं. नंदकुमार पुढे जे बोलले ते इतकं हळू, की भाऊरावांना कान जवळ न्यावा लागला.

"२००१ चा जून होता. दशहरी आंबा उतरत होता. वाटणीत माझ्या बाजूला बारा झाडं कमी आली होती. मी रातोरात हद्दीचे खुंटे सरकवले. माझीच चूक. दुपारी भैया बंदूक घेऊन बागेत आले. या इथून त्या खांबाइतकं अंतर होतं. मी पळालो नाही. पायच उचलेनात. त्यांनी नेम धरला. मी डोळे मिटले. मग आवाज आला, खट्. एवढाच."

ते थांबले. भाऊराव आणखी जवळ सरकले.

"डोळे उघडले तर भैया तसेच उभे. बंदूक खांद्याला. मी मनात म्हटलं, आता दुसरी. किती वेळ गेला सांगता येत नाही. कोयल ओरडत होती, तेवढं आठवतं. मग त्यांनी बंदूक खाली केली आणि घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीभर आंबे घेऊन माझ्या दारात. म्हणाले, हद्द तू म्हणशील तिथे. त्या दिवसापासून मरेपर्यंत रात्रीचं जेवण आम्ही एकत्र केलं. बागेतल्या त्या दुपारबद्दल ना ते बोलले, ना मी."

"आणि तुम्ही त्यांना माफ केलंत," दीप्ती म्हणाली.

"माफ?" नंदकुमारनी तिच्याकडे पाहिलं. "बेटी, मला तेवीस वर्षं एकच गोष्ट सलत होती. मला हे कधी कळलंच नाही, की भैया थांबले, की त्यांच्याकडे दुसरं काडतूसच नव्हतं. रोज समोर बसून जेवायचो. रोज वाटायचं, आज विचारू. कसं विचारणार? आणि नव्हतं म्हणाले असते तर?"

भाऊरावांनी गुळगुळीत टोपीचं काडतूस उचललं आणि म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवलं. मग कारखान्यात साहेबापुढे अहवाल वाचताना बोलत तसे, एकेक शब्द सुटा करून हिंदीत म्हणाले, "मी छत्तीस वर्षं हेच काम केलं. माझं ऐका. डावी नळी भरलेली होती. डावा घोडा चढलेला होता. चाप पुढ्यात होता. फक्त बोट एक इंच मागे न्यायचं होतं. बंदुकीने त्यांना अडवलं नाही. बंदूक तयार होती."

नंदकुमारनी मूठ मिटली. मग ते रडले, आवाज न करता, मान ताठ ठेवून. प्रतिमा रस्त्यापलीकडून धावत आली आणि त्यांच्या पुढ्यात उकिडवी बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दीप्ती भाऊरावांच्या दंडाला धरून उभी होती. तिला तो दंड सोडवेना.

भाऊरावांना कारखान्यातला एक शेरा आठवत होता. चाचणीच्या बारात न पेटलेल्या काडतुसांच्या पेटीवर लाल शाईने लिहायचा. निकामी. एका निकामी काडतुसाने माणूस वाचला, हे त्यांना समजत होतं. नशीब म्हणून सोडून देता येत होतं. पण त्यानंतरचे ते काही क्षण? खांद्याला भरलेली नळी, समोर भाऊ, डोक्यात संताप, आणि तरी न हललेलं एक बोट. ते कशाने तपासायचं? कोणत्या खिडकीकडे धरून पाहायचं?

हरिहरनी दोन्ही बंदुका जमा करून पावत्या आणून दिल्या. काडतुसं नियमाप्रमाणे दुकानातच ठेवावी लागणार होती. नंदकुमारनी मूठ उघडून डावं काडतूस परत केलं, पण त्याआधी त्याची टोपी अंगठ्याने एकदा चाचपून पाहिली.

"चला, मी सोडते तुम्हाला," दीप्ती म्हणाली. "मलिहाबाद कितीसं लांब आहे."

"नको बेटी, गाडी लागते मला. बस बरी." म्हातारे उठले. प्रतिमाने हात पुढे केला, तो धरून ते बसस्टँडकडे निघालेल्या ई-रिक्षात चढले. मग भाऊरावांकडे वाकून म्हणाले, "भैयांच्या पत्नी, माझ्या भौजी, आहेत अजून. ब्याऐंशीच्या. त्या दिवशी दुपारी भैया घरी गेले ते थेट विहिरीवर जाऊन बसले, उठले ते अंधार पडल्यावर. का, ते भौजींना आजवर माहीत नाही. आज त्यांना सांगतो. चल बहू, जेवणाआधी पोचायला हवं."

रिक्षा वळली. भाऊराव टपरीसमोर उन्हात उभे राहिले. दीप्तीने गाडी आणली, दार उघडलं, तरी ते तिथेच होते, दोन्ही हात जोडलेले.