लीलाच्या नावाची कॉफी

आमची सून वर्षाली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मामाजी, आईंना काय काय आवडायचं ते सांगा. पानावर तेच करू."

अविधवा नवमी तोंडावर आली होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालतात. ती सवाष्ण त्या दिवसापुरती गेलेल्या बाईच्या जागी बसते. माझी बायको लीला मागच्या आषाढात गेली. यंदा तिचं वर्षश्राद्ध झालं आणि ही तिची पहिली नवमी होती.

खरं उत्तर मला माहीत होतं. लीलाला कढीगोळे आवडायचे, उडदाचे वडे आवडायचे आणि कधीही उठवून दिला तरी कडक चहा आवडायचा. मी कढीगोळे सांगितले, वडे सांगितले. मग थोडा थांबलो आणि म्हणालो, "आणि कॉफी."

"हो ना," वर्षाली म्हणाली. "मंजुषाताई पण म्हणत होत्या. फोनवर आई म्हणायच्या, ठेव आता, कॉफी करायची आहे."

मंजुषा म्हणजे माझी मुलगी. मी मान हलवली. ती कॉफी माझी होती.

वर्ध्याजवळच्या आंजीला, आमच्या गावी, माझं बियाण्यांचं दुकान होतं. एका कंपनीनं आम्हा दुकानदारांना वर्ध्याच्या हॉटेलात मीटिंगला बोलावलं होतं, तिथं मी दुधाची फेटलेली कॉफी प्यायलो. तोवर पोरं शिकायला बाहेर गेली होती. घरी येऊन लीलाला म्हटलं, अशी करून पाहा. तिनं केली. तेव्हापासून रोज दुपारी मी जेवून झोपायचो आणि ती कपात कॉफी आणि साखर फेटू लागली की त्या चमच्याच्या आवाजानं उठायचो. तिनं स्वतः कधी घोटभरही घेतली नाही. करपलेल्या फुटाण्याचा वास येते म्हणायची आणि तोंड एका बाजूला करून फेटायची.

ती गेल्यावर निकेश, माझा मुलगा, मला वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला, त्याच्या घरी घेऊन आला. वर्षाली चांगला चहा करते, अद्रक टाकून. दुपारी चहाचा कप हातात आला की मला कॉफी आठवायची. बायको जाऊन महिना झाला नाही आणि म्हाताऱ्याला कॉफी सुचते, असं होईल म्हणून बोललो नाही. पुढं जितके दिवस गेले तितकं बोलणं अवघड झालं. एकदा वर्ध्याच्या बसस्टँडवर मशीनची कॉफी घेतली. तेवढ्यात आंजीचा ओमप्रकाश समोरून आला. मी कप पाठीमागे धरला आणि त्याच्याशी सोयाबीनचं बोलत राहिलो. तो गेला तेव्हा कॉफी थंड झाली होती. ती मी तशीच पिऊन टाकली.

लीलाची आठवण मला दुपारी येते. पण ती तिची येते की कॉफीची, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नाही.

नवमीला मंजुषा नागपूरहून आली. येताना कॉफीची मोठी बाटली घेऊन आली. सवाष्ण म्हणून आम्ही आंजीच्या मंदाबाईला बोलावलं होतं. आमच्या तिथल्या घराला तिचं घर लागून आहे आणि लीलाचं तिच्याशी बहिणीसारखं होतं. तिला बोलवायचं वर्षालीनं परस्पर ठरवलं होतं. मला ते कळलं तेव्हा फोन करून झाला होता.

मंदाबाई पोटभर जेवली. वर्षालीनं तिची ओटी भरली, लुगडं दिलं. मग लीलाच्या फोटोपुढं एक कप ठेवला आणि एक मंदाबाईच्या हातात दिला.

"हे काय होय?"

"कॉफी आहे मावशी," मंजुषा म्हणाली. "आईले लय आवडायची ना. आज तुम्हीच आमची आई. पिऊनच उठा."

"कोणाले आवडे?"

"आईले."

"कोण सांगतलं?"

"बाबांनी."

मंदाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी वड्याचा तुकडा मोडत बसलो.

"अस्सं," ती म्हणाली. "अण्णाजीले तं सारंच माहीत आहे बाप्पा तिचं."

तिनं डोळे मिटले आणि काढा प्यावा तशी कॉफी पिऊन टाकली. कप खाली ठेवून पदरानं तोंड पुसलं. "घ्या. झाली लीलाबाई तृप्त." सगळे हसले. मंजुषा हसता हसता रडायला लागली. निकेशनं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याच वेळी वर्षालीनं मलाही कप आणून दिला होता. मी पीत होतो. कॉफी चांगली फेटलेली होती, वर फेस होता. माझी मुलगी रडत होती आणि मला चव लागत होती.

मंदाबाईला ऑटोत बसवायला मी फाटकापर्यंत गेलो. ऑटोवाला गाडी वळवत होता.

"अण्णाजी," ती म्हणाली, "तुमची कॉफी करून दिली म्हंजे रोज लीलाबाई माझ्या घरी ये. म्हणे, मंदे, कडक चहा टाक, त्या वासानं डोस्कं धरलं माझं."

"माहीत आहे मले."

"माहीत आहे तं मले काऊन पाजली?"

मी म्हणालो, "पोराईले सांगू नका."

"मी कायले सांगू?" ती ऑटोत बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. "आज मी तिच्या जागेवर होतो ना. तिनं तुमचं कधी काही सांगतलं का कोणाले?"

मला वाटलं होतं, हे एका दिवसाचं आहे. पण मंजुषा जाताना वर्षालीला म्हणाली, "वहिनी, जमलं तर दुपारी आईपुढं एक कप ठेवत जा." वर्षालीनं ते मनावर घेतलं. ती घरी ब्लाऊज शिवते. दुपारी मशीन थांबवून उठायची, कंबर धरून दोन पावलं चालायची, मग कॉफी फेटायची. कप फोटोपुढं ठेवायची, हात जोडायची आणि थोड्या वेळानं तोच कप मला द्यायची. "वाया कशाला घालवायची मामाजी. आईंची आहे, तुम्हीच घ्या."

मी घ्यायचो. फोटोत लीला समोर पाहते, म्हणून मी खुर्ची खिडकीकडे वळवून बसायचो. तसं बसलं म्हणजे काही वाटत नाही असं नव्हतं. वाटायचं. पण कप रिकामा व्हायचा. दुसऱ्या दिवशी जेवून मी आडवा व्हायचो आणि चमच्याच्या आवाजाची वाट पाहायचो.

दिवाळीच्या आधी वर्षालीला ताप आला. ब्लाऊजांची घाई होती, तरी त्या दिवशी तिला मशीनवर बसवेना. ती दुपारभर पडून होती. निकेश कामावर होता. मी पडल्या पडल्या मनात म्हणत होतो, आज नाही मिळणार. तिचा ताप मोठा होता आणि माझ्या मनात ते होतं. तेवढ्यात चमच्याचा आवाज आला.

मी उठून गेलो. ती अंगावर शाल घेऊन ओट्याला टेकून उभी होती आणि फेटत होती. गॅसवर दूध होतं.

"आज उशीर झाला आईंच्या कॉफीले," ती म्हणाली.

"राहू दे. जाऊन पड."

"एका कपाले किती वेळ लागते. एवढं करतो न पडतो."

"वर्षाली," मी म्हणालो, "तिले कॉफी आवडत नव्हती. तिनं कधी पेली नाही. मी पीत होतो. मले पायजे होती म्हणून तसं सांगितलं."

तिनं चमचा थांबवला. मग गॅस बंद केला.

"मंदामावशीले माहीत होतं?"

"हो."

"म्हणून त्यांनी तसं तोंड केलं."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"मले एक डाव म्हणायचं होतं मामाजी. मी नाई म्हटलं असतं का?"

"नाही."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

लाज वाटत होती हे खरं होतं, पण ते तिला सांगण्याइतकं पुरेसं नव्हतं.

"आता मंदामावशी आंजीत काय म्हणत असतील," ती म्हणाली. "सून अशी भेटली का सासऱ्याले कपभर कॉफी मागाले मेलेल्या बायकोचं नाव घ्या लागते."

तिचे डोळे तापानं लाल होतेच, आता भरून आले. हा विचार मी एकदाही केला नव्हता. मी लीलाचा विचार केला, लोकांचा केला, सगळ्यात जास्त माझा केला. हे वर्षालीच्या अंगावर जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"मंदाबाई कोणाले बोलणार नाही," मी म्हणालो.

"बोलल्या नाई तरी त्याईले माहीत आहे ना." तिनं शाल ओढून घेतली. "आणि ताईले काय सांगू? त्या रोज विचारतात, ठेवली का म्हणून."

"तिले मी सांगतो."

मी तिथंच उभं राहून मंजुषाला फोन लावला. मागाहून लावू म्हटलं असतं तर माझ्याकडून तो लावणं झालं नसतं. सांगितलं, आईला कॉफी आवडत नव्हती, ती माझ्यासाठी करायची, मी खोटं बोललो.

"मला फोनवर म्हणायची ना, ठेव आता," मंजुषा म्हणाली.

"माझ्या कॉफीची वेळ झालेली असायची म्हणून."

"म्हणजे मी बोलत असायची आणि ती तुमच्या कॉफीसाठी फोन ठेवायची."

"हो."

"ठीक आहे बाबा. ठेवते."

फोन बंद झाला. वर्षालीनं सगळं ऐकलं होतं. तिनं फेटलेल्या कपाकडे बोट दाखवलं. "साखर कमीच टाकली आहे. आईंपुढं ठेवायची म्हणून अंदाजानं टाकत होतो. तुमाले किती लागते?"

मी आठवून पाहिलं. इतकी वर्षं रोज प्यायलो आणि मला सांगता येईना.

"माहीत नाही," मी म्हणालो. "लीला टाकायची."

वर्षालीनं साखरेचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला, खोलीत गेली आणि पडली. पलंग वाजल्याचा आवाज आला.

मी कॉफीचा कप बाजूला सरकवला. चहा मला करता येतो, दुकानात स्टोव्हवर करायचो. पातेल्यात पाणी घेतलं, अद्रक शोधलं, ते सापडायला वेळ लागला. आधण ठेवलं आणि खोलीच्या दाराशी जाऊन विचारलं, "वर्षाली, तुले चहात साखर किती लागते?"

ती भिंतीकडे तोंड करून होती. तोंड न वळवता म्हणाली, "दीड चमचा."