हात बाहेरच ठेव

“हात भाईरच ठिव, शिवू. आत घिऊ नगंस. कुणीतरी धरंल.”

बत्तीस वर्षं झाली तरी आईचा हा आवाज शिवलीलेच्या कानाशी केव्हाही यायचा. आज तो कपाटाला कुलूप लावताना आला. आत नळाचा मोठा पाना होता, शेजारी बंडप्पा प्लंबरची कापडी पिशवी. तिनं कुलूप ओढून बघितलं आणि किल्ली कमरेला खोवली. बंडप्पा दारातून बघत होता.

“काकू, नळाचं वायसर आणायला गेलतो ओ. आलोच म्हणलो होतो की.”

“सकाळी दहाला म्हणलास. आता चार वाजले.”

“पिशवी द्या की. हातावर पोट आहे माझं.”

“नळाखाली बादली धरून बस सहा तास. मग देते.”

आतून गौरीशंकर, तिचा नवरा, बाहेर आला. त्यानं बंडप्पाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पायरीपर्यंत नेलं.

“उद्या ये तू. आणि या घरात ‘आलोच’ म्हणायचं न्हाय बघ. लग्नाला वीस वर्षं झाली, मी एकदा म्हणलेलो न्हाय. किती मिनिटं लागतील ते सांगून जातो. संडासला सुद्धा.”

बंडप्पा हसला. शिवलीला हसली नाही. तिचा आवाज कधी चढत नसे. राग आला की तो उलट खाली जायचा, इतका की समोरच्याला कान द्यावा लागे. गल्लीतल्या बायकांना तिच्या पूजेचं कौतुक होतं. आंघोळ, कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसणं, ते झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही, आणि दुसऱ्याच्या घरचं तर काहीच नाही. एवढ्या सोवळ्या बाईनं रिक्षावाल्याच्या गाडीची चावी काढून का घेतली, शिंप्याच्या दुकानात सबंध दुपार तोंडाला कुलूप लावून का बसून राहिली, हे मात्र कुणाला कळत नसे.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. माकणीच्या अलीकडचं गाव, भूकंपाची पहाट. कोसळलेल्या माळवदाची सगळी माती अंगावर, तिच्या अंगाखाली आई, आणि ढिगाऱ्याच्या फटीतून बाहेर राहिलेला फक्त शिवलीलेचा डावा हात. उजाडल्यावर कुणीतरी आलं. त्यानं तिचं मनगट धरलं. शिवलीलेला हुंदका फुटला, आनंदानं. त्या हातानं थोडं चाचपलं, आणि मग आजीनं जत्रेतून आणलेलं चांदीचं कडं पिरगाळून, कातडीसकट, ओढून काढलं.

“रडू नगंस. माणसं घिऊन आलोच,” असं म्हणून तो माणूस गेला.

तिनं आईला सांगितलं, माणसं येतायत. आई म्हणाली, मग हात भाईरच ठिव. ऊन आधी बोटांच्या टोकांवर आलं, मग पेरांवर. आई बोलत होती, मधेमधे पाणी मागत होती. ऊन तळहाताच्या मधोमध आलं तेव्हा ती बोलायची थांबली. माणसं आली ती दिवस कलल्यावर, आणि ती दुसरीच होती. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं.

त्या माणसाचं तोंड दिसलं नव्हतं. धरणाऱ्याची बोटं पुरी नव्हती, एवढं मात्र मनगटाला कळलं होतं.

पाच वाजता तिला नव्या पेशंटकडं जायचं होतं. गेली चौदा वर्षं ती उमरग्यात घरोघरी जाऊन लकवा झालेल्या माणसांचा व्यायाम करून घ्यायची. परक्यांचे हात, पाय, खांदे दिवसभर तिच्या हातात असायचे. स्वतःचं डावं मनगट मात्र ती कुणाला धरू देत नसे. बांगड्याही फक्त उजव्या हातात.

पेशंट म्हातारे होते, कल्याणप्पा. महिन्यापूर्वी डावी बाजू गेलेली, बोलणं अर्धं राहिलेलं. सून गायत्री हौशी होती, बोलायला माणूस मिळालं म्हणून खूश.

“मामा लई धिप्पाड होते, अक्का. तो फोटो बघा.” भिंतीवर शाल-नारळ घेतलेला फोटो होता. “भूकंपात किती माणसं काढली म्हणं यांनी! सत्कार झालता.”

“कुठल्या गावात?”

“माकणीकडं. आमची जमीन हाय तिकडं.”

शिवलीला वाकली. म्हाताऱ्याच्या पाठीखाली हात घालून तिनं त्यांना उठवायला सुरुवात केली. आपण पडतोय असं वाटून त्यांनी चांगल्या उजव्या हातानं मिळेल ते धरलं. तिचं डावं मनगट.

अंगठा. तर्जनी. मधलं बोट. मग एक अर्धं. करंगळीच्या जागी काही नाही.

गायत्री काहीतरी बोलत होती. शिवलीलेनं म्हाताऱ्याला नीट टेकवून बसवलं. मनगट अजून त्यांच्या मुठीत होतं. तिनं ते सोडवलं नाही.

“बोटं कशानं गेली यांची?”

“कडबा कुट्टीच्या मशिनीत. भूकंपाच्या लई आधी.”

“गायत्री, चहा टाक गं माझ्यासाठी. आलं किसून घाल.”

परक्या घरचं पाणीही न पिणारी शिवलीला सून आत जाईपर्यंत थांबली. मग तिनं मनगट वळवून म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोर धरलं. अंगठ्याच्या मुळाशी पांढरा, चकाकणारा व्रण होता.

“चांदीचं होतं,” ती हळू म्हणाली. “तुम्ही म्हणालता, आलोच.”

म्हाताऱ्याचा एक डोळा मिटत नव्हता. तो व्रणावरून तिच्या तोंडावर आला, परत व्रणावर गेला. बोटं सैल पडली. तोंडाच्या चांगल्या कोपऱ्यातून घशातला नुसता आवाज आला.

लुळ्या हाताखाली उशी होती. तिनं ती काढून घेतली आणि तो हात खाटेच्या कडेबाहेर सोडला. आधार नसला की असा हात आपल्याच वजनानं खांदा ओढून काढतो, रात्रभरात सुजवतो, हे ती रोज लोकांना बजावून सांगायची.

“हात भाईरच ठिवा, आजोबा. आलेच मी.”

दारात गायत्री कप घेऊन आली. शिवलीलेनं “उपास आहे, विसरलेच” म्हणून तो परत केला. “उद्या आठला येते,” ती म्हणाली. जायचं नाही हे तेव्हाच ठरलेलं होतं. उद्या नाही, परवा नाही, कधीच नाही.

त्या रात्री तिला गाढ झोप लागली. कितीतरी वर्षांनी.

सकाळी आठ वाजले तेव्हा ती ओले केस पुसत होती. साडेआठला तिनं विभूती लावली आणि खिडकीशी आसन टाकलं. गळ्यातल्या वस्त्रातून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. फोन वाजला. उचलू नका असं ती सांगून ठेवायची, पण गौरीशंकरनं सहाव्यांदा वाजल्यावर तो उचलला आणि स्पीकर चालू करून दारात उभा राहिला.

“अक्का, येणार होता की आठला?” गायत्री रडवेली झाली होती. “मामांनी रात्रभर हात आत घेऊ दिला न्हाय ओ. उशी लावायला गेलं की ढकलतेत. खांदा ह्याऽऽ एवढा सुजलाय. काय बोलतेत ते आधी कळंना. आता कळलं. ‘येऊ दे तिला’ म्हणतेत. ‘ती येऊ दे, मग.’ तेवढंच.”

पूजेत शिवलीला बोलत नसे. गौरीशंकरनं “पूजा चालू आहे” म्हणून फोन ठेवला आणि तिच्याकडं बघत राहिला.

तिला बरं वाटलं. देवासमोर बसून खोटं कशाला? छातीत गार पाणी उतरावं तसं बरं वाटलं. सुजू दे. अजून सुजू दे. कळू दे वाट बघणं म्हणजे काय. तिनं डोळे मिटले. नाव घ्यायला गेली, पण जिभेवर नाव येईना. डोळ्यांपुढं खाटेच्या कडेबाहेर सोडलेला एक हात तेवढा होता.

तिनं डोळे उघडले. समोर तिचा स्वतःचा डावा हात होता, पुढं केलेला, उताणा, लिंग घेऊन बसलेला. रोज असाच असायचा. आज तिनं तो पाहिला. खिडकीच्या गजांतून आलेलं ऊन बोटांच्या टोकांवर होतं.

ती बसून राहिली. ऊन एका पेरावर आलं. रांगत दुसऱ्यावर आलं. हाताला कळ लागली तरी तिनं तो हलवला नाही. नजर उन्हाच्या कडेवरून हटली नाही. तळहाताच्या मधोमध यायला अजून अवकाश होता.

मग तिनं लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं आणि उठली. कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. बंडप्पाचा पाना आणि पिशवी दारातल्या पायरीवर ठेवली. तेलाची बाटली, खांद्याला बांधायची रुंद पट्टी आणि एक छोटी उशी थैलीत भरली.

“तिकडंच?” गौरीशंकरनं विचारलं.

“हं.”

“किती वेळ लागंल?”

तिनं चपलेत पाय घातला. “आज दुपार होईल. उद्यापासून तासभर.”

“रोज?”

“रोज. रोज जायचं मी, आणि रोज त्यांनी हात माझ्या हातात द्यायचा.” तिचा आवाज इतका खाली गेला होता की गौरीशंकरला कान द्यावा लागला. “फोन करा तिला. निघालेय म्हणावं.”

गल्लीत उतरल्यावर तिनं डावा हात एकदा उन्हात धरून बघितला. मग पदर खोचला आणि चालायला लागली, जरा भरभर.