हिरवी रेघ आणि नाडी

डॉक्टर जया मुंबईहून हृदयरोगाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन परतली आणि तिचे पती डॉक्टर मधुकरराव यांची नागपुरातली ओळख बदलली. एकाच इस्पितळात, एकाच विभागात दोघं नोकरीला. पण आता कॉरिडॉरमध्ये लोक त्यांना "जयाताईंचे मिस्टर" म्हणू लागले. ते हसून वेळ मारून नेत आणि मग दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागत नसे. त्या साली वॉर्डात हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवणारं पहिलं यंत्र आलं. तेही जयाच्याच ताब्यात दिलं गेलं.

त्या सकाळी यंत्र बळीरामला लावलेलं होतं. बळीराम नरखेडकडचा संत्र्याचा बागायतदार. पाय सुजलेले, श्वास पुरेना, आणि एक्स-रेत हृदय भोपळ्याएवढं दिसत होतं. हृदय थकून फुगलंय, असं जयाने निदान केलं होतं. खाटेभोवती विद्यार्थी दाटीने उभे होते. पायथ्याशी बळीरामची बायको अंजनाबाई बसली होती.

जया पडद्याकडे बोट दाखवत सांगत होती, "विजेचा इशारा आधी वरच्या कप्प्यांत उठतो. हा छोटा उंचवटा त्याचाच. मग तो मधल्या दाराशी क्षणभर थांबतो, म्हणजे वरचे कप्पे आकसून रक्त खाली ढकलतात. त्यानंतर इशारा खाली पसरतो, हा उंच सुळका. त्याच्या पाठोपाठ खालचे कप्पे आवळतात आणि रक्त अंगभर जातं."

विद्यार्थी भान हरपून ऐकत होते. आपण हेच गेली सात वर्षं फळ्यावर खडूने शिकवलं, तेव्हा निम्मी पोरं पेंगत होती, हे मधुकररावांना आठवलं आणि आत काहीतरी जळलं. काही तरी करायचं म्हणून त्यांनी बळीरामचं मनगट हातात घेतलं.

नाडी बारीक लागत होती. बळीरामने श्वास आत घेतला की ती पार बुडायची. मानेच्या शिरा टरटरून फुगल्या होत्या. पडद्यावर मात्र ठोका चुकत नव्हता. फक्त सुळके ठेंगणे होते.

मधुकररावांना कळलं. हृदय थकलेलं नव्हतं. त्याच्या भोवतीच्या पिशवीत पाणी साचलं होतं. इशारा वेळेवर येत होता, पण चहूकडून दाबल्या गेलेल्या हृदयात रक्त भरायलाच जागा नव्हती. मग ते ढकलणार काय?

बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत. "बघा, किती नियमित," जया म्हणत होती, आणि त्यांच्या मनात आलं, बोलू दे. सगळ्यांसमोर चुकू दे एकदा.

"डॉक्टरसायेब," अंजनाबाई नवऱ्याचे पाय चाचपत हळूच म्हणाली, "यायचे पाय थंडे पडून राहिले."

बोटांखालची नाडी गेली. पडद्यावरची हिरवी रेघ मात्र तशीच धावत होती.

"जया, नाडी नाही," मधुकरराव म्हणाले. "पिशवीत पाणी आहे."

जयाने पडद्याकडे पाहिलं, मग बळीरामच्या मानेकडे. तिने वाद घातला नाही. "मोठी सुई आणा," ती नर्सला म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "तुम्ही टोचा. तुमचा हात माझ्याहून स्थिर आहे."

छातीच्या मधल्या हाडाखालून, डाव्या खांद्याच्या रोखाने त्यांनी सुई घातली. लालसर पाणी सिरिंजमध्ये चढलं. एक भरली, दुसरी भरली, आणि जयाच्या बोटांना बळीरामची नाडी पुन्हा लागली. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडून पाणी मागितलं. अंजनाबाई पदर तोंडाला लावून रडत राहिली.

दुपारी विभागप्रमुखांसमोर जया म्हणाली, "मी यंत्राकडे बघत बसले, सर. यांनी ओळखलं." सगळे वाहवा करू लागले. मधुकररावांना बरं वाटायला हवं होतं. पण आपली चूक इतक्या सहज सांगून टाकणाऱ्या बायकोचाच त्यांना हेवा वाटला, सकाळपेक्षा जास्त.

संध्याकाळी स्कूटर सदर भागातल्या चौकात थांबली तेव्हा मागे बसलेल्या जयाने विचारलं, "तुम्हाला केव्हा समजलं?"

खोटं बोलता आलं असतं. "तू शिकवून राहिली होती तेव्हाच," ते म्हणाले.

"मग काहून नाही बोलले?"

त्यांनी स्कूटर पुढे काढली. का ते तिला बहुधा कळलं, कारण खांद्यावरचा तिचा हात निघून गेला. घराच्या दाराशी उतरल्यावर ती समोर येऊन उभी राहिली.

"माझा राग येत असेल तर घरी भांडा," ती म्हणाली. "पण उद्यापासून मी शिकवत असताना नाडी तुम्हीच धरायची. आणि काही वेगळं वाटलं, की माझं बोलणं तिथल्या तिथे तोडायचं. पोरांसमोर तोडायचं."

मधुकररावांनी मान हलवली. दुसऱ्या सकाळी ती यंत्रापाशी बोलायला उभी राहिली, तेव्हा आतलं जळणं होतंच. तरी त्यांनी खुर्ची ओढली आणि बळीरामचं मनगट हातात घेतलं.