वीणेच्या गवसणीचं गर्भाशय

राजलक्ष्मीचं मॉडेल शाळेतून परत आलं ते पोट रिकामं करून.

जोतीराम तात्यांनी ते ओट्यावर भिंतीला टेकवून उभं केलं, चष्मा धोतराला पुसला आणि नीट पाहिलं. प्लायवूडवर माणसाएवढी बाई. नातीनं दिवाळीच्या सुट्टीपासून तिच्यात जीव ओतला होता. ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या रक्तवाहिन्या, लाल निराळ्या, निळ्या निराळ्या. स्पंजाची फुप्फुसं, आंब्याच्या कोयींची मूत्रपिंडं, लोकरीच्या गुंत्याचा मेंदू. सगळं जागच्या जागी होतं. ओटीपोटात तेवढं भगदाड, आणि कडेला फेविकॉलचे पापुद्रे.

"पिशवी कुठं गेली गं?"

"सरांनी काढली. बारामतीच्या प्रदर्शनात तसलं बरं दिसत न्हाय म्हणाले."

"तसलं म्हंजी?"

राजलक्ष्मी नखानं पापुद्रे खरवडत राहिली.

तात्यांच्या कानशिलाची शीर ताठ झाली. ते गर्भाशय नातीनं वीणेच्या जुन्या मखमली गवसणीतून शिवलं होतं. दत्तजयंतीच्या सप्ताहासाठी देवळाच्या वीणेला नवी गवसणी आली, तेव्हा जुनी तात्यांनीच पोरीला दिली होती. देवाचं कापड टाकवत नाही, म्हणून. दोन्ही अंगांना बीजकोश म्हणून इंदापूरच्या मामाच्या बागेतल्या डाळिंबाच्या वाळक्या कळ्या लावल्या होत्या. अन् हे म्हणे तसलं!

त्याच पावली तात्या शाळेत गेले. विजयसिंह सर मुख्याध्यापक, शिवाय सप्ताह कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी तात्यांसाठी चहा मागवला. तात्यांनी तो निवू दिला.

"तात्या, समजून घ्या. बाहेरचे पाहुणे येणार, पालक येणार. चारचौघांत मुलीच्या जातीनं त्या अवयवावर बोट ठेवून बोलायचं?"

"पुस्तकात हाय का न्हाय त्यो?"

"आहे की."

"मग वर्गात शिकवला असंल."

"तो भाग मुलींना घरी वाचायला सांगतो आम्ही."

"घरी कोण सांगणार? आमच्या म्हशी?" तात्यांचा आवाज चढला. "सर, कीर्तनात बुवा गर्भवास लावत्यात. नऊ महिने जीव उलटा टांगलेला, जठराग्नीची आच, मायबापा सोडव म्हणून धावा. तवा पुढल्या रांगेत बसून मान कोण डोलवतं? तुमीच. मग बुवांनी गायलं ते ब्रह्म, अन् पोरीनं शिवलं ते वंगाळ, व्हय?"

"कीर्तन वेगळं, तात्या." सर शांतपणे म्हणाले. "ते काढून मॉडेल जात असेल तर जाऊ द्या. नाहीतर राहू द्या."

त्यांनी ड्रॉवरमधून वर्तमानपत्राची पुडी काढून टेबलावर ठेवली. भजी बांधून द्यावीत तशी. तात्यांनी पुडी उचलली, कपाळाला लावली आणि बाहेर पडले.

"तिच्याबिगर न्हाय न्यायची," राजलक्ष्मी घरी म्हणाली. "बाई अर्धी कशी दाखवू?"

"मग पुरी दाखव," तात्या म्हणाले. "देवळात दाखव."

दत्तजयंतीच्या दिवशी दुपारी पारायण उठलं. बुंदी वाढून झाली, पुरुष मंडळी पारावर सुपारी कातरत बसली आणि मांडवात बायाच उरल्या. राजलक्ष्मीनं खांबाला टेकवून मॉडेल उभं केलं. ओटीपोटात मखमल पुन्हा जागेवर बसली होती. तात्या शेजारीच वीणा घेऊन उभे होते. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत; दुसऱ्यानं येऊन गळ्यात घेईपर्यंत पहिल्यानं जागा सोडायची नाही. त्यामुळे तात्यांना ना सरांशी भांडायला जाता येत होतं, ना बसता येत होतं. आतल्या आत उकळत ते तार छेडत होते.

आधी बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकीनं विचारलं, "एवढीशीच असती व्हय पिशवी?"

"मुठीएवढी. पण सगळी स्नायूची," राजलक्ष्मी म्हणाली. "ताणंल तेवढी ताणती, अन् पुन्यांदा जागेवर येती."

"आन् न्हाय आली तर?"

हे विचारलं प्रयागबाईंनी, विजयसिंह सरांच्या आईनं. ही म्हातारी कायम मांडवाच्या कडेला बसायची, आणि कीर्तन रंगात आलं की नेमकी उठून जायची. हिचं चित्त देवात नाही, असं लोक म्हणत. तात्याही म्हणत.

राजलक्ष्मीनं मखमल बोटानं खाली ओढली. "हे खालचे स्नायू तिला तोलून धरत्यात. बाळंतपणात ते सैल पडलं, अन् वर जड उचललं, तर ती अशी खाली सरकती."

"ह्यालाच अंग भाईर येणं म्हणत्यात का गं?"

"व्हय, आजी. उपाय हाय त्याच्यावर."

"उपाय हाय?" प्रयागबाई खांबाला धरून खाली बसल्या. "मला विजूच्या येळंपासनं हाय. बाळंतीण होते अन् उसाच्या मोळ्या उचलल्या. बसलं की टोचतं, लघवी दम धरू देत न्हाय. बाईच्या जातीला असायचंच म्हणून गप बसले."

तारेवरचं तात्यांचं बोट क्षणभर अडखळलं. चित्त देवात नाही म्हणे.

तेवढ्यात सर आले. संध्याकाळच्या जन्मकाळासाठी पाळणा बांधायचा होता. हातात रेशमी दोरी होती. ते मॉडेल पाहून थबकले, आणि मग आईचा शब्द त्यांच्या कानावर आला. चेहऱ्याचा रंगच उतरला.

"आई, घरी चल. हितं नको."

"थांब रं. पोरगी सांगतीया."

"अगं, पण मला कधी बोलली नाहीस."

"कसं बोलू, विजू? तुझ्यासमोर त्याचं नाव घ्याया कुठं यतं?"

सर दोरीचा पीळ उलगडत उभे राहिले. इकडं बायांना जणू वाचा फुटली होती. एक पाळीचं विचारत होती, दुसरी गाठीचं, तिसरी सासूनं सांगितलेलं खरं का खोटं ते. सर मागच्या मागं सरकू लागले.

"सर," तात्या म्हणाले, "माझं पाय भरून आल्यात. वीणा घ्या."

वीणेला नाही कोण म्हणणार? सरांनी दोरी खांद्यावर टाकली. तात्यांनी वीणा त्यांच्या गळ्यात घातली, रिवाजाप्रमाणं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. पण उठताना कानाशी सांगितलं, "उद्या आईला दवाखान्यात न्या. प्रदर्शनाचं मागनं बगू."

"प्रदर्शनाला मॉडेल जाईल, तात्या," सर पुटपुटले. "अख्खं जाईल."

"ते मला न्हाय, तिला सांगा," तात्यांनी नातीकडं हनुवटी केली. राग काही उतरला नव्हता. "आन् मोठ्यानं सांगा."

मग तात्या बायांच्या मागं, मांडवाच्या कडेला जाऊन बसले. वीणा सोडवायला कुणी उठलं नाही. बाया विचारत राहिल्या, राजलक्ष्मी सांगत राहिली, आणि सर तार छेडत उभे होते, एकेक शब्द ऐकत.