पायांवरची छत्री

छत्री डोक्यावर धरायची असते हे शेंबड्या पोरालाही कळतं. छत्रीवाल्यांच्या घरी मात्र ती पायांवर होती. एका मोठ्या मोडक्या छत्रीच्या काड्या त्यांनी स्वतः वाकवल्या, तारेने बांधल्या आणि पलंगाच्या पायथ्याशी त्यांचा छोटासा मांडव उभा केला. चादर त्या मांडवावर टाकायची, म्हणजे ती पायांना लागत नसे. चुकून लागलीच तर छत्रीवाले असे कळवळून ओरडत, की खालचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून वर बघत राही.

समोरच्या दिवाणावर त्यांची बायको पडून असे आणि त्या मांडवाकडे टक लावून बघे.

या घरात तिचं नाव बर्फवाली. ती शीतगृहात कामाला होती. पहाटेची पाळी, पायात रबरी बूट, आत मोज्यांवर मोजे, आणि समोरच्या पट्ट्यावरून सरकत येणारे मटार निवडून पिशव्यांत भरायचे. दुपारी घरी पोचेपर्यंत हात ताळ्यावर यायचे, पाय काही यायचे नाहीत. तोवर छत्रीवाले दुकान बंद करून वर आलेले असत. जेवण उरकून दोघं पलंगावर आडवी होत, आणि ती आपली गारठलेली पावलं खुशाल त्यांच्या पावलांवर ठेवून देई.

"मेलो! आली बर्फवाली!" ते बोंबलत. रोज बोंबलत, आणि पाय मात्र एकदाही काढून घेत नसत. या माणसाला बायकोचा वाढदिवस कधी आठवला नाही, गोड बोलणं तर त्याच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नसेल. पण दुपारची झोप लागेपर्यंत तो पाय देत असे, आणि तिचं त्यावर भागत असे. भागत असे म्हणणंही कमीच. त्या तासाभरासाठी ती पहाटे उठत होती.

छत्रीवाल्यांचं साखरेचं दुखणं तसं जुनंच. गोळ्या आणायच्या, चार दिवस घ्यायच्या, मग विसरायच्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन लिहून दिलं. "सुई लागली म्हणजे शेवटचं स्टेशन आलं," असं सलूनवाल्याने कात्री चालवता चालवता सांगून टाकलं आणि छत्रीवाल्यांचं धाबं दणाणलं. मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! बाईंनी डोस हळूहळू वाढवायला सांगितला होता, यांनी तो आपल्या मनाने वाढवला. वर जेवणही निम्म्यावर आणलं. साखर धडाधड उतरली. साखर मोजायच्या यंत्रावरचा आकडा ते छत्री दुरुस्तीला आणणाऱ्यांनाही दाखवत सुटले. वर्षानुवर्षं चढून बसलेली साखर काही आठवड्यांत खाली आली, आणि त्यानंतर एके दिवशी पाय पेटले.

बाहेरून पाय ठणठणीत. ना सूज, ना जखम. आतून मात्र निखारे, मध्येच विजेचा झटका, आणि मोज्याचा स्पर्शही सहन होईना. बर्फवालीने शीतगृहातून डबाभर बर्फ आणला. तो लावल्याचं कळल्यावर डॉक्टरीणबाई दोघांनाही रागावल्या.

"बर्फाने कातडी जळेल. पायाला अजिबात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या नसांना जास्त साखरेची सवय झाली होती. ती तुम्ही एकदम उतरवलीत, म्हणून त्या बिथरल्यात. दोष सुईचा नाही, घाईचा आहे. आता डोस मी सांगेन तेवढाच. पोटभर जेवा. दुखण्यावर गोळी देते. पण इन्सुलिन बंद करायचं नाही."

"बरं कधी वाटेल?" बर्फवालीने विचारलं.

"महिने जातील. कदाचित वर्षही. बहुतेकांचं कमी होतं."

बहुतेकांचं! त्या एका शब्दावर बर्फवालीने कित्येक दुपारी काढल्या. तिने दिवाणावर गरम पाण्याची पिशवी घेतली. पिशवी पाय गरम करते, पण 'मेलो' म्हणत नाही. दोन हातांवर नवरा आणि मध्ये परगावाला गेल्यासारखं अंतर. तिला त्याची आठवण येई, आणि समोरच्या माणसाची आठवण येते हे सांगायचं तरी कुणाला?

एका दुपारी ती घरी आली तर छत्रीवाले भिंतीकडे तोंड करून पडले होते. जेवणाचं ताट झाकलेलं, शेजारी इन्सुलिनचं पेन तसंच.

"सुई घेतली नाही?"

"कालही नाही घेतली. बास झालं आता." ते वळले. "सुई नव्हती तेव्हा पाय होते. तू इथं झोपायचीस. मला ते परत पाहिजे, दुसरं काही नको."

इतक्या वर्षांत तो असं पहिल्यांदा बोलत होता, आणि बोलला तोही असल्या वेळी. क्षणभर तिला वाटलं, हो म्हणावं. फेकून द्यावं ते पेन आणि जावं पलंगावर. तिला तरी दुसरं काय हवं होतं?

"आणि तुम्हीच गेलात," ती म्हणाली, "तर मी पाय काय भिंतीला लावू?"

छत्रीवाले उठून बसले आणि सदरा वर करून त्यांनी पोट पुढे केलं. तिने बाईंना फोन लावून डोस विचारून घेतला आणि मगच सुई दिली. मग ते ताटातलं सगळं जेवले.

त्यानंतर दिवस सावकाश सरकले. ओरडणं कमी झालं. छत्रीवाले चपला घालून जिना उतरू लागले, थोडा वेळ दुकानात बसू लागले. मांडव मात्र होता तिथेच होता, आणि तीही दिवाणावरच होती. विचारायची तिची छाती होत नव्हती.

मग एकदा जेवणं झाल्यावर तेच म्हणाले, "अगं, ये ना इकडे."

"बर्फ चालत नाही तुम्हाला."

"बाईंनी बर्फ बंद केलाय. बर्फवाली नाही."

ती लगेच गेली नाही. आधी पिशवीवर पाय चांगले शेकून घेतले, न जाणो गारव्याने त्यांना त्रास झाला तर! मग हलकेच पलंगावर आडवी झाली आणि तिने पाय काड्यांच्या मांडवाखाली सरकवले, त्यांच्या पायांपासून चार बोटं लांब.

"हे कुणाचे पाय आणलेस?" छत्रीवाले खेकसले. "माझे कुठं आहेत?"

ती तशीच उठली. न्हाणीत जाऊन नळाच्या गार पाण्याखाली पाय धरून उभी राहिली. ते बधिर होईपर्यंत धरले, आणि धरता धरता हसली, मग रडलीही. पाय पुसून परत आली आणि तिने ते पुन्हा मांडवाखाली ठेवले. तेवढ्याच अंतरावर.

"आता?"

"येतोय गारवा," डोळे मिटून ते म्हणाले. "जरा अलीकडे घे."

"नको. लागेल."

मग त्यांचाच पाय सरकला. आधी अंगठा टेकला, मग अर्धं पाऊल. त्यांनी ओठ आवळून श्वास आत ओढला. मांडवावरची चादर हलली.

"दुखतंय ना?"

"दुखतंय," ते म्हणाले. "राहू दे."