डावा खांदा

...एवढासा तर आहे. करंगळीहून बारीक, डोक्याशी सोनेरी झाक, अंगभर आटे. धाकटीनं तो स्क्रू चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात फिरवला. शस्त्रक्रियेआधी रुग्णांना दाखवतात तसला नमुना. ताईनं तो सर्जनकडून मागून आणला होता आणि छापखान्यातून तपासायला आणलेल्या प्रुफांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवला होता — जणू कुठल्या स्पर्धेत जिंकलाय. त्याचे डझनभर भाऊबंद ताईच्या मणक्यांत रुतून बसले होते, दोन सळया धरून, आणि त्यांनी ताईची पाठ — लहानपणापासून बाक आलेली, उजवीकडे फुगलेली ती पाठ — सरळ करून टाकली होती. एका दिवसात. तीच पाठ धाकटी इतकी वर्षं कापडानं सरळ करत आली होती.

“ठेव तो खाली, हरवशील,” ताई आतल्या खोलीतून म्हणाली. “कोट झाला का गं?”

“होतोय.”

“सोमवारी जायचंय मला. नाहीतर घेते बाई दुकानातून तयार.”

दुकानातून! तयार कपडा ताईला कधी बसलाच नव्हता. ताईचं सगळं धाकटी शिवायची, तेही माप न घेता, कारण पाठीवरून टेप फिरू लागली की ताई श्वास धरून उभी राहायची आणि मग दिवसभर कुणाशी बोलायची नाही... तेव्हा घरात न बोलताच ठरून गेलं होतं — गिऱ्हाइकांची मापं घ्यायची, ताईचं नाही. ताईचं माप धाकटीच्या हातात होतं. डाव्या खांद्यात दुहेरी पॅड, उजव्या पाठीला जादा कापड, आणि ते जादा कापड मुंढ्याच्या शिवणीत असं मुरवायचं की बघणाऱ्याला बाईच दिसावी, बाक दिसू नये. हे तिच्याशिवाय कुणाला येत नव्हतं. आणि आता ताई छापखान्याच्या मुख्य कचेरीत निघाली होती, दुसऱ्या शहरात. खोलीसुद्धा बघून झाली होती. ‘एकटीपुरती आहे,’ असं ती सांगताना म्हणाली होती, सहज. पण पुन्हा एकदा म्हणाली होती.

दुपारी, बऱ्याच महिन्यांनी गावाहून परतलेल्या समोरच्या काकू पडदे दुमडून घ्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

“अगं बाई, ताई होय ही? पाठमोरी बघून मला वाटलं, तूच! आता तुझ्याहून उंच दिसते की!”

“आतून दुरुस्ती झालीय काकू,” ताई म्हणाली. “बाहेरचा रंग तेवढा जुनाच ठेवलाय.”

दोघी खळखळून हसल्या. हसता हसता ताईच्या हातातली पेन्सिल पडली. धाकटी सवयीनं वाकली, पण ताई गुडघ्यांत वाकून, पाठ ताठ ठेवून, दवाखान्यात शिकवलं होतं तशी, पेन्सिल घेऊन उभीही राहिली होती. धाकटीनं मग जमिनीवरचा एक दोरा उचलला. उगाच.

हेवा? छे. बहिणीचा कुणी हेवा करतं का... ताईचा नव्हताच तो. त्या धातूचा होता, आणि हे कुणाला सांगितलं असतं तर काकूंसारखंच हसलं असतं कुणीही. गेल्या तपासणीला सर्जन एक्स-रे उजेडावर धरून म्हणाले होते, “हाड छान जुळतंय. पूर्ण जुळलं की या स्क्रूंना तसं काही काम उरत नाही.” “मग काढणार?” — विचारलं होतं धाकटीनंच, जरा घाईनंच. “छे हो, कशाला? असू देत आत. त्रास थोडाच देतायत.” काम संपलं, तरी असू देत! परतताना रस्ताभर ताई दुकानांच्या काचांत स्वतःला बघत चालली होती, आणि धाकटी एक पाऊल मागे, औषधांची पिशवी घेऊन... ताईच्या हाडानं त्यांना कवटाळलं होतं. आता ते कायमचे घरचे.

संध्याकाळी ताईनं कोट अंगात घातला, बटणं लावली आणि आरशासमोर गेली.

डावा खांदा वर चढला होता. उजव्या बाजूला पाठीवर कापडाचा फुगवटा आला होता, रिकामा, आत कुणी नसलेला. सरळ उभी असलेली ताई त्या कोटात वाकडी दिसत होती — आधी होती तशी, किंबहुना जास्तच.

“अगं, हा कुणाचा कोट शिवलास?” ताई हसली. मग आरशात नीट बघून तिचं हसू हळूहळू विझलं. “माप नाही घेतलंस?”

“तुझं कधी घेतलंय?”

कापताना कात्री एकदाही अडली नव्हती. हात जुनाच रस्ता चालत गेला होता... हातच ना? पॅड दुहेरी करताना क्षणभर थांबली होती ती. थांबली होती, आणि मग सुई ओवली होती.

“बरं, आता घे,” ताईनं कोट उतरवून खुर्चीवर टाकला आणि पाठ करून उभी राहिली. श्वास धरला नव्हता तिनं. काहीतरी गुणगुणत होती.

धाकटीनं तळवा टेकवला. पातळ कापडाखाली मधोमध व्रणाची लांब रेघ, दोन्हीकडे सपाटी. तिचा हात उजवीकडे सरकला, तिथे थांबला — तिथे काहीच नव्हतं, ऊब तेवढी होती.

“दुखतंय?”

“नाही गं. अजिबात नाही.”

रोज विचारायची ती हे. सकाळी, जेवताना, निजताना. तिला वाटत होतं, ही काळजी. आज मात्र ते ‘नाही’ ऐकताना आपल्या आत काय खट्टू झालं, ते तिला स्वच्छ कळलं. गेले कित्येक महिने ती कुठल्या उत्तराची वाट बघत होती, तेही.

“घे ना लवकर. अशी काय थांबलीस?”

“घेते,” ती म्हणाली. टेप गळ्यातच होती. या पाठीचं माप कुठून सुरू करायचं, हे तिला सुचेना; आणि हात मात्र तिथून काढवेना.