कानाने लावलेलं टायमिंग

घाटाच्या पायथ्याच्या मैदानावर माझी पोरगी गाडीच्या बोनेटमध्ये वाकली होती आणि तिच्या हातात टायमिंगचा दिवा होता. पिस्तुलासारखा धरलेला. फिरत्या पुलीवर त्याचा पांढरा उजेड लपलप करत होता, आणि तिचा दुसरा हात डिस्ट्रिब्यूटरवर होता. माझ्या गॅरेजमध्ये असला दिवा कधी नव्हता. मी पाठीमागे येऊन उभा राहिलो तरी तिला कळलं नाही, कारण इंजिन चालू होतं आणि मला पेट्रोलचा कॅन आणायला तिनेच रस्त्यापर्यंत पाठवलं होतं.

"कुणाचा हा?" मी विचारलं.

ती दचकली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. तिने शांतपणे दिवा बंद केला, मग इंजिन बंद केलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"माझा आहे, बाबा."

"तुझा म्हणजे?"

"विकत घेतलाय. इथे डिकीतच असतो."

म्हणजे डॉक्टरांच्या डिकीत. ज्या गाडीचा नट न् नट मी माझ्या हाताने फिरवला, तिच्या डिकीत माझ्या पोरीचा दिवा मुक्कामाला होता आणि मला पत्ता नव्हता!

डॉक्टर दातांचे. उभ्या गावाचे दात उपटून झाल्यावर त्यांना म्हातारपणी स्पोर्ट्स कारचं वेड लागलं. गाडी दोन माणसांची, जमिनीला चिकटलेली, आणि तिचं इंजिन माझ्या पोरीपेक्षा वयाने मोठं. वर्षातून एकदा अशा जुन्या गाड्यांचे मालक घाटाच्या पायथ्याशी जमतात आणि एकेक करून घड्याळ लावून वर चढतात. पहिल्या वर्षी डॉक्टरांची गाडी एका साध्या घरगुती गाडीच्याही मागे राहिली. तेव्हा ते माझ्याकडे आले. "उस्ताद, नवीन इंजिन टाकायची माझी ऐपत नाही, आणि इच्छाही नाही. आहे त्यातच हिला पळवा."

आहे त्यात पळवणं हेच तर मी जन्मभर केलं. इंजिनावरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवून त्याचा तळ केसभर घासून घेतला, म्हणजे आत मिश्रण जास्त घट्ट दाबलं जातं. हवा आत जायच्या वाटा ओतकामातून खरबरीत आलेल्या असतात. काठीला पॉलिशपेपर गुंडाळून त्या मी इतक्या गुळगुळीत केल्या की करंगळी घातली तर घसरून आत जावी. भंगारवाल्याकडून दोन कार्बोरेटर आणले, चार दिवस रॉकेलमध्ये बुडवले आणि एकाच्या जागी जोडीने बसवले. सायलेन्सरचे पाइप खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्याकडून वाकवून घेतले. इंजिनाचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, लेथवर उतरवून हलकं केलं. दुकानातून तयार आणायची वस्तू म्हणाल तर फक्त पिस्टन, स्प्रिंगा आणि गॅस्केट.

आणि शेवटी टायमिंग. ठिणगी नेमकी कधी पडायची ते. लवकर पाडली तर जोर वाढतो, पण फार लवकर पाडली तर आत टिणटिण सुरू होते, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. त्यालाच नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिलं तर पिस्टन जळतो. म्हणून माझी पद्धत अशी: ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर सैल करायचा, टिणटिण ऐकू येईपर्यंत पुढे फिरवायचा आणि ऐकू आली की जरासा मागे घ्यायचा. पुस्तकात दिलेला आकडा नव्या कोऱ्या इंजिनाचा असतो. असल्या घासूनपुसून जोडलेल्या इंजिनाचा आकडा कुणी छापलेला नसतो, तो कानालाच विचारावा लागतो. ठिणगीची वेळ दिव्याने बघत बसणाऱ्यांची मी भरपूर टिंगल केली आहे. पोरीच्या देखतच केली आहे.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"पिस्टनला भोक पडलं तेव्हापासून."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्या पिस्टनवरून मी केवढा तमाशा केला होता! पार्टवाला माझा जुना मित्र. त्याच्या दुकानात जाऊन, चार गिऱ्हाइकांसमोर जळका पिस्टन काउंटरवर आपटून, 'भेसळीचा माल विकतोस, लाज नाही वाटत' असं त्याला सुनावलं होतं. तो मान खाली घालून उभा राहिला. त्या दिवसापासून मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही.

"पिस्टन चांगला होता, बाबा. टायमिंग फार पुढे होतं. इंजिन टिणटिणत होतं आणि तुम्ही अजून पुढे घेत होतात. मी तुमच्या शेजारीच उभी होते. मला वाटलं, तुम्ही काहीतरी मुद्दाम करताय."

"मग पार्टवाल्याला सांगितलं का नाहीस?"

तिने नजर दिव्याकडे वळवली. तेवढ्याने मला कळलं.

"त्यालाही ठाऊक आहे?"

"मी तुमच्या मागोमाग गेले होते. काका म्हणाले, असू दे, चिडलाय तो, मी ऐकून घेतो."

शिव्या खाणाऱ्याला माहीत होतं की शिव्या खोट्या आहेत, आणि देणाराच तेवढा उल्लू! म्हणजे त्या दिवशी दुकानात तो मान खाली घालून उभा होता तो अपराधी म्हणून नव्हे. माझी कीव करत होता.

मग एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली. मी टायमिंग लावलं की "ट्रायलला मी नेते" म्हणून ही पुढे व्हायची. खिशात पाना असायचाच. परत यायला वेळ लागायचा, तेव्हा मला वाटायचं, पोरीला गाडी चालवायला आवडते, फिरू दे जरा. आणि संध्याकाळी डॉक्टरांचा फोन! "उस्ताद, काय पळतेय! तुमच्या कानांचा विमा उतरवायला हवा." तो विनोद मी घरी, शेजारी, न्हाव्याकडे, सगळीकडे सांगितला होता.

डॉक्टर तेवढ्यात हेल्मेट काखेत मारून आले. आमचे चेहरे पाहिले, उघडा बोनेट पाहिला, दिवा पाहिला.

"अरेच्चा," ते म्हणाले. बस, एवढंच.

"तुम्हालाही माहीत होतं."

"उस्ताद, गाडीची वाट लागली असती हो. आणि तुम्हाला सांगायचं कुणी? तुम्ही दुसऱ्याच दिवशी गॅरेजला कुलूप लावलं असतंत."

"ते मी ठरवलं असतं."

"कान वयाने जातात, आधी बारीक आवाज. मला आता बारीक सुईत दोरा ओवता येत नाही, तसंच हे."

"तुम्ही दोरा ओवताना मी फोन करून वाहवा करत नव्हतो, डॉक्टर."

ते ओशाळले. पण पोरगी ओशाळली नाही, आणि तेच मला जास्त झोंबलं. ती सरळ उभी राहिली.

"तुम्ही म्हणाल तसं लावते," ती म्हणाली. "तुम्ही ठेवलं होतंत तिथे आणते. मग तुम्हीच ऐका."

"आण."

तिने इंजिन चालू केलं. डिस्ट्रिब्यूटर थोडा पुढे घेतला आणि ॲक्सिलरेटरची तार झटक्यात ओढली. इंजिनाने खाकरल्यासारखी उसळी घेतली. दोन्ही कार्बोरेटरनी हवा ओढली तो घोगरा आवाज आला, सायलेन्सरचा भरदार आवाज आला. स्वच्छ. मी मान हलवली.

"अजून," मी म्हणालो.

तिने अजून पुढे घेतला. पुन्हा तार ओढली. मला तोच भरदार आवाज आला, उलट जास्तच गोड. पण डॉक्टरांनी दाढ दुखावी तसं तोंड केलं. पलीकडच्या हिरव्या गाडीचा मालक चाक पुसत बसला होता. त्याने झटकन मान वळवून आमच्याकडे पाहिलं. एक बाई मुलाचा हात धरून चालली होती, तीसुद्धा थबकली. त्यांच्यातल्या कुणाला इंजिनातलं ओ की ठो कळत नसेल, पण ऐकू येत होतं. सगळ्या मैदानाला ऐकू येत होतं.

मी पोरीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि हात मात्र तारेवर स्थिर होता.

"बंद कर," मी म्हणालो. "तुझं लाव."

तिने दिवा उचलला. मी तिथे थांबलो नाही.

डॉक्टरांची गाडी चढली तेव्हा मी दोरीपाशी लोकांत उभा होतो. गाडी सुंदर गेली हे मला मान्य करावं लागेल. वळणातून बाहेर पडताना ती ज्या तोऱ्यात वेग घेत होती, तो माझ्या हेडचा आणि माझ्या फ्लायव्हीलचा होता. त्याबद्दल मला कुणी फसवलेलं नव्हतं. पण आनंद म्हणून होईना. घरच्या माणसाने रोज चोरून खिशात हात घालावा आणि पैसे काढायच्या ऐवजी भरून ठेवावेत, तसं झालं होतं. रागवायचं तरी कशावर? तरी मी रागावलेलो होतो. अजून आहे.

वरून खाली आल्यावर डॉक्टर हवेतच होते. मागच्या खेपेपेक्षा पुष्कळ लवकर पोचले होते. हिरव्या गाडीच्या मालकाला त्यांनी खांद्याला धरून माझ्यापुढे आणलं आणि सकाळी जणू काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाले, "हेच ते उस्ताद. कान म्हणजे काय सांगू! उस्ताद, यांचं इंजिन जरा ऐकता का?"

मी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्यांना वाटत होतं, ते माझी अब्रू राखताहेत. हे असंच पुढे चालू ठेवायची त्यांची तयारी होती, आणि माझीही असेल असं ते धरून चालले होते.

हिरव्या गाडीचा बोनेट उघडला. तीन-चार जण भोवती आले. मालकाने इंजिन चालू केलं आणि माझ्याकडे आशेने पाहिलं. सवयीने मी वाकलो, मान तिरकी केली. सगळे एकदम गप्प झाले. पोरगी त्यांच्या मागे उभी होती. तिने हळूच छातीशी धरलेलं बोट मागच्या बाजूला वळवून दाखवलं. मागे घ्या, बाबा.

मी ताठ झालो.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो.

हिरव्या गाडीचा मालक मोठ्याने हसला. "उस्ताद भलतेच मिश्कील आहेत!" डॉक्टरही हसले, आणि माझ्या पाठीवर थाप मारून त्यांनी ते हसणं आणखी लांबवलं.

"खरंच येत नाही," मी म्हणालो. "नॉकिंगचा आवाज येत नाही. डॉक्टरांच्या गाडीचं टायमिंग माझ्या मुलीने लावलंय. तिला विचारा."

हसणं थांबलं. मालकाने आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग पोरीकडे. ती जागची हलेना. मी बाजूला झालो तरी हलेना.

"ये की," मी म्हणालो. "गिऱ्हाईक थांबलंय."

तेव्हा ती आली. बोनेटवर वाकली, आणि लोक पुन्हा भोवती गोळा झाले, पहिल्यापेक्षा जास्तच. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. पुढच्या माणसाच्या खांद्यावरून मला फक्त तिची वेणी दिसत होती.